चौसष्टाव्या पानावरची खूण

मी एक वही आहे, आणि जुनी आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मग कोणी माझ्याकडे बघून हळहळायला नको. दोनशे बारा पाने, काळा कापडी पुठ्ठा आणि पाठीवर जाड दोऱ्याची शिवण. त्या शिवणीचा एकही टाका अजून सैल झालेला नाही. एका चर्चच्या गायनमंडळाची, म्हणजे ज्याला सगळे 'कॉयर' म्हणतात त्याची, मी गाण्यांची वही. सध्या माझा मुक्काम परदेशात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या फळीवर मी असते. मित्रांनो, माझी हकिकत सांगायची तर त्या फळीपासून बरेच मागे जावे लागेल.

माझा जन्म एका बुकबाइंडरच्या दुकानात झाला. त्याच्याकडे तीन प्रकारचे कागद उरले होते. थोडे रेघांचे, थोडे कोरे आणि थोडे आलेखाच्या चौकटींचे. ते टाकून देणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने सगळे एकत्र शिवले. "ही असली वही कोण घेणार?" असे त्याची बायको म्हणाली आणि मला ते चांगलेच लागले. पण दुसऱ्याच दिवशी एक शिंपी दुकानात आला. त्याने मला उघडले, पानांवरून अंगठा फिरवला, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, "शिवण झकास आहे. हीच द्या."

तो शिंपी म्हणजे आमचे मास्तर. दिवसभर ते दुकानात शर्ट आणि पँटी शिवायचे आणि संध्याकाळी चर्चमध्ये कॉयरला गाणी शिकवायचे. रेघांच्या पानांवर त्यांनी रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, गाणी उतरवली. कोऱ्या पानांवर लग्नाची आणि मयताची. चौकटींच्या पानांवर लोक हमखास चुकवतात ती. एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवले की चुकायला जागाच राहणार नाही, असा त्यांचा समज होता. लोकांनी तो खोटा पाडला.

मग मास्तरांनी समासात लिहायला सुरुवात केली. 'इथे बायकांनी घाई करू नये.' 'इथे पेटीचा भाता फुसफुसतो, मोठ्याने गाणे.' 'फादरांना चष्मा सापडेपर्यंत शेवटची ओळ पुन्हा.' छापील पुस्तकात असे काही मिळत नाही. मी छापील पुस्तकांना नावे ठेवत नाही, पण त्यांना आमचे फादर चष्मा कुठे विसरतात हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

त्या चर्चची आठवण निघाली की माझे मन भरून येते. भिंती इतक्या जाड की भर दुपारीसुद्धा आत गार वाटायचे. दोन दरवाज्यांपैकी डावा फुगलेला होता, तो कधीच पुरता लागला नाही. त्या फटीतून चिमण्या आत यायच्या आणि प्रवचन लांबले की वेदीच्या वरच्या तुळईवर बसून भांडायच्या. खिडकीच्या पिवळ्या काचेतून ऊन यायचे. बायबलच्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी ते माझ्या स्टँडच्या पायाशी असायचे आणि अर्पणगीत येईपर्यंत माझ्या पानावर चढायचे. प्रत्येक कुटुंबाचा बाक ठरलेला होता. तसे कुठे लिहिलेले नव्हते, पण एखादी नवी सून चुकून दुसऱ्यांच्या बाकावर बसली की चार माना एकदम वळायच्या आणि सासूबाई डोळ्यांनीच तिला हलवायच्या. जळलेल्या मेणाचा वास, गुडघे टेकायच्या फळ्यांची कुरकुर, तीनदा घसा साफ करूनच बोलायला लागणारे फादर, या सगळ्यांत मी वीसेक वर्षे काढली. मी तिथे फार सुखात होते.

आता चौसष्टावे पान. त्यावर ते जुने अर्पणगीत आहे, जे आपल्या भाषेतल्या सगळ्या चर्चमध्ये म्हणतात.

ओंजळ भरुनी आणिले, प्रभो,
जे तूच आम्हां दिले.

आमच्या कॉयरमध्ये एक सुतार होता. त्याचा आवाज खर्जातला, भरदार. तो गायला लागला की माझा स्टँड थरथरायचा. पण आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेल्यामुळे त्याला दम लागायचा. 'प्रभो' पर्यंत तो कसाबसा पोचायचा आणि पुढे खोकल्याची उबळ यायची. एका रविवारी ती आवरेना. मिस्सा संपल्यावर तो तसाच निघून गेला आणि पुढच्या सरावाला आला तो थेट मागच्या बाकावर जाऊन बसला, ऐकणाऱ्यांत.

मास्तरांनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि 'प्रभो'च्या पुढे एक लहान तिरकी खूण केली. कापडावर बटणाची जागा दाखवायला शिंपी करतात तशी.

"आजपासून इथे थांबायचं," ते सगळ्यांना म्हणाले. "मनात चार मोजायचे. मी मान हलवली की पुढे."

"का हो मास्तर?" पुढच्या रांगेतल्या मावशींनी विचारले.

"ऐकायला बरं वाटतं."

त्यांनी ते गाणे तसे दोनदा म्हणून घेतले. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून खर्ज ऐकू आला. चार मोजून झाल्यावर 'जे तूच' सुद्धा त्याच आवाजात आले, खणखणीत. मास्तरांनी मागे वळूनही पाहिले नाही. समासात त्यांनी या खुणेचे कारण कधी लिहिले नाही. सुतार त्यांच्या मागेच उभा राहायचा आणि त्याला वाचता येत होते.

पुढे मोठी गंमत झाली. लोकांना ती शांतता आवडली. कोणीतरी त्या वेळी मान खाली घातली, मग शेजारच्याने घातली. आज्या नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवून माना दाबायला लागल्या. काही वर्षांनी नवे फादर आले, ते प्रवचनात म्हणाले की या धर्मग्रामाची, म्हणजे या चर्चच्या लोकांची, भक्ती या एका शांततेत दिसते. मास्तर तेव्हा छताकडे बघत होते. पुढे सुतार वारला, पण खूण राहिली. तिचे खरे कारण दोघांनाच ठाऊक होते, मास्तरांना आणि मला, आणि वहीला कोणी काही विचारत नाही.

मग माझे दिवस फिरले. मास्तरांची बोटे थरथरायला लागली. पायपेटी गेली, विजेवरची बटणांची पेटी आली. गाण्यांचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर दिसायला लागले. माझी रवानगी कपाटात झाली. तिथे मेणबत्त्यांची थोटके होती आणि एक हात मोडलेला प्लास्टरचा देवदूत होता. एका झुरळाने माझ्या नवव्या पानाचा कोपरा खाल्ला. ते गाणे तसेही कोणाला आवडत नसे, पण म्हणून काय झाले? मला राग आला तो आलाच.

मास्तरांची मुलगी परदेशात दातांच्या कवळ्या बनवायच्या एका लॅबमध्ये काम करते. ती सुटीवर आली होती. परत निघायच्या आदल्या दिवशी तिने मला कपाटातून काढले, झटकले आणि बॅगेत घातले. बॅगेचे वजन जास्त भरले. "त्या रद्दीपेक्षा एक ब्लँकेट ने," असे तिची आई म्हणाली. मुलीने बॅगेतून आपले नवे बूट काढून ठेवले आणि चेन लावली. त्या दिवसापासून ती माझी धनीण.

परदेशात तिच्या घरापासून दोन चौक सोडून एक चर्च होते. चांगले होते, मी खोटे कशाला बोलू? बाकांवर गाद्या होत्या, दरवाजे नीट लागत होते. पण तिथले लोक तोंडात पाणी धरल्यासारखे गात. मुलगी दर रविवारी तिथे जायची आणि घरी आली की मला टेबलावर उघडून, आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करता करता, आमची गाणी म्हणायची. एकटीच. चौसष्टाव्या पानावर आली की इस्त्री उभी ठेवायची, मान खाली घालायची, चार मोजायची. मला त्या वेळी घरची फार आठवण यायची. तिलाही येत असणार, कारण पुढची ओळ ती जरा जास्तच मोठ्याने म्हणायची.

हळूहळू आपल्या भाषेची माणसे तिला भेटत गेली. एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको. लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आणि त्याचा मेहुणा. एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या काकू, एकट्याच राहणाऱ्या. सगळे तिला ताई म्हणायला लागले. ताईने तिथल्या फादरांना विचारले, आम्हाला आमच्या भाषेत गाता येईल का? फादरांनी स्वच्छ सांगितले की एक रविवार देतो. नीट झाले तर दर महिन्याला एक रविवार तुमचा. नाही झाले तर ती वेळ दुसऱ्या मंडळींना द्यावी लागेल, ते वर्षभर मागत आहेत.

महिन्यातला एक रविवार. तुम्हाला ते थोडे वाटेल. पाच वर्षे इस्त्रीच्या टेबलाशी एकटीने गाणाऱ्या बाईला विचारा. ताईने पाच आठवडे आधीपासून दर गुरुवारचा सराव लावला आणि मला पिशवीत घालून ती जिद्दीने कामाला लागली.

त्या चर्चमध्ये कॉयरची जागा वर होती, मागच्या भिंतीला लागून असलेल्या माडीवर. तिथे जायला अरुंद, गोल जिना. एकेचाळीस पायऱ्या. पहिल्याच गुरुवारी चौसष्टाव्या पानावर वाद झाला.

"आमच्याकडे इथे थांबत नाहीत," बसड्रायव्हर म्हणाला. "सरळ जायचं."

"बस आहे का ती, सरळ जायला?" मेकॅनिक म्हणाला. "आमच्याकडे थांबतात. पण 'आणिले'च्या पुढे."

"वहीत 'प्रभो'च्या पुढे खूण आहे," ताई म्हणाली. "ही भक्तीची जागा आहे. माझ्या बाबांनी केलेली खूण आहे ही."

"आमच्या मास्तरांनी काय अभक्तीने शिकवलं का?"

मी पिशवीवर उघडी पडून सगळे ऐकत होते. तीन गुरुवार हे असेच चालले.

दुसरी अडचण काकूंची होती. त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी वर यायच्या, भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि त्यांच्याकडून आवाज म्हणून यायचा नाही. नुसते ओठ हलायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात काय बसते आणि काय बसत नाही हेच पाहणाऱ्या ताईच्या नजरेतून ते सुटणार कसे? सहा माणसांत एक मुकी म्हणजे फार झाले. मलाही काकूंचा राग यायचा. आमच्या वेळी असे चालले नसते, असे मी स्वतःशी म्हणायची.

चौथ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, ताईने मास्तरांना व्हिडिओ कॉल लावला. मला तिने फोनसमोर धरले.

"बाबा, हे पान बघा. 'प्रभो'च्या पुढे थांबायचं, बरोबर ना? तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी ते रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवते आणि वाद मिटवते."

मास्तरांनी चष्मा वर केला. "तुम्ही कशाला थांबता तिथे?"

"कशाला म्हणजे? आपण नेहमी थांबतो. भक्तीसाठी."

मास्तर हसायला लागले. "अगं, कसली भक्ती. सुतारकाकांना दम लागायचा."

मास्तरांनी तिला सगळे सांगितले, मागच्या बाकासकट.

"मग लहानपणी मला तिथे मान खाली घालायला का लावायचात?"

"ते तुझ्या आजीने लावलं. मी नाही."

"म्हणजे मी तीन आठवडे भांडतेय ते उगीचच," ताई म्हणाली. "खोडून टाकू का खूण?"

"तुमच्यात दम कोणाचा कमी पडतो?"

"कोणाचाच नाही. एक काकू आहेत, पण त्या गातच नाहीत, नुसते ओठ हलवतात. त्यांना मी या गुरुवारी सांगणार आहे, या वेळी तुम्ही खाली बसून ऐका."

"का गात नाहीत?"

"कोणास ठाऊक."

"विचारलंस?"

ताईने माझी पाने उगाच सारखी केली.

"मी शिंपी माणूस," मास्तर म्हणाले. "माप घेतल्याशिवाय मी कापडाला कधी कात्री लावली नाही. तू न विचारताच कापायला निघालीस की गं." मग त्यांनी विषय बदलला आणि तिकडे भाज्या कशा मिळतात ते विचारले.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. खुणेचे कारण मला पहिल्यापासून ठाऊक होते. सुतार मागच्या बाकावर जाऊन बसला ते मी पाहिले होते. तरी भिंतीला टेकलेल्या काकूंकडे पाहताना मला तो आठवला नाही. ज्या खुणेचा मी इतका तोरा मिरवला, तिच्यातून मीच काही शिकले नव्हते.

गुरुवारी ताई लवकर गेली आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. बाकीचे वर गेले. काकू शेवटी आल्या, लाँड्रीच्या निळ्या कपड्यांतच. त्यांनी कठड्याला हात लावला आणि वर बघितले. ताई त्यांच्याबरोबर चढली. काकू दहाव्या पायरीला थांबल्या, विसाव्याला थांबल्या, आणि पंचविसाव्या पायरीवर चक्क बसल्या.

"दर वेळी असं होतं का काकू?"

"दिवसभर वाफेत उभी असते ना," काकू म्हणाल्या. त्या वाक्यातही त्यांना मध्ये थांबावे लागले. "वर पोचेपर्यंत छातीत काही उरत नाही. शेवटचं एखादं गाणं म्हणते मी. हळू."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, काकू, राहू द्या. मग गुरुवारी मी कुठे जाऊ?"

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. रविवारच्या फोनपर्यंत ती नेमके तेच म्हणणार होती. मग तिने वर तोंड करून हाक मारली, "सगळे खाली या. आजपासून खालीच गायचं. पहिल्या बाकाशेजारी."

"आवाज वरून चांगला जातो, ताई," बसड्रायव्हर वरून म्हणाला.

"तुमचा कुठूनही जातो. या खाली."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, इथे एक लिफ्ट बसवा," मेकॅनिक उतरता उतरता म्हणाला.

खाली पहिल्यांदाच काकूंचा आवाज ऐकू आला. मोठा नव्हता, पण सुराला पक्का. बसड्रायव्हरची बायको गाता गाता वळून त्यांच्याकडे बघायला लागली. काकू 'प्रभो' ओलांडून सहज पुढे गेल्या. त्यांचा श्वास संपला तो दुसऱ्या ओळीत, 'जे तूच' वर. ताईने हात वर करून सगळ्यांना थांबवले, पेन्सिल काढली आणि त्या जागी एक लहान तिरकी खूण केली. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर उमटलेली ती पहिली नवी खूण. जुनीही तिने खोडली नाही, पण तिथे कोणी थांबायचे नाही असे सांगितले.

"आमच्याकडे इथे थांबत नाहीत," बसड्रायव्हर सवयीने म्हणाला.

"आमच्याकडेही थांबत नाहीत," ताई म्हणाली. "चार मोजायचे. काकूंनी मान हलवली की पुढे."

तो रविवार उजाडला तेव्हा चर्च भरलेले होते. ताईने मला स्टँडवर उघडून ठेवले. प्रवेशगीत ठीक झाले. मग अर्पणगीत. 'जे तूच' म्हणून सहाही जण थांबले आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एकदम काही ऐकू येईना. पहिल्या बाकावरच्या एका बाईने पुस्तकातून मान वर केली. गाणे फसले असे तिला वाटले असावे. मला काकूंचा श्वास ऐकू आला, पूर्ण, शांतपणे घेतलेला. त्यांनी मान हलवली आणि 'आम्हां दिले' हे शब्द सगळ्यांनी एकदम उचलले. बसड्रायव्हरने आवाज आवरला होता. त्याच्या दृष्टीने तो मोठाच त्याग होता.

मिस्सा संपल्यावर फादर पहिल्या बाकाशी आले. गाण्याच्या मधल्या त्या शांततेचा अर्थ काय, असे त्यांनी ताईला विचारले. ताईला 'भक्ती' म्हणता आले असते. सोपे होते आणि ऐकायलाही बरे वाटले असते. तिने माझ्याकडे पाहिले, मग काकूंकडे बोट केले.

"या काकू श्वास घेत होत्या," ती म्हणाली.

फादरांनी काकूंकडे पाहिले. काकू पदर नसतानाही खांद्यावर हात नेऊन तो सारखा करायला लागल्या. चारमध्ये पुरतो का श्वास, असे फादरांनी त्यांना विचारले आणि ताईने त्याचा अर्थ सांगितला.

"पाच असते तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

"मग पुढच्या महिन्यात पाच मोजा," फादर म्हणाले.

तर मित्रांनो, जुन्या वहीची एक विनंती ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवू नका. झुरळाचे मी तुम्हाला सांगितलेच आहे. त्याला बाहेर काढा, वापरा, त्यावर लिहा. आणि समासात कोणाच्या हातची खूण दिसली, तर ती कोणासाठी केली होती हे विचारून घ्या, सांगणारे माणूस आहे तोवर. ताई आता दर रविवारी दुपारी फोन लावते आणि मास्तरांसमोर माझे एक पान धरते. मास्तर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्रेचाळीस पाने झाली, एकशे एकोणसत्तर बाकी आहेत, आणि मास्तरांचा दम चांगला आहे.